जुन्या बंगल्याला खोल्या वाढवताना : काळी माती, सांधा आणि पाणी

सांगली-मिरजेच्या जुन्या कॉलन्यांतले बैठे बंगले बहुतेक एकाच ठेवणीचे. काळ्या दगडाचं जोतं, त्यावर नऊ इंची विटांच्या भिंती, वर चार-साडेचार इंचांचा स्लॅब नाहीतर मंगलोरी कौलं, पुढे व्हरांडा, मागे परसात संडास-बाथरूम. घरात सून येते, नातवंडं होतात, आणि मागे दोन खोल्या व वर एक मजला काढायचं ठरतं. गवंडी येतो, पावलांनी जागा मोजतो आणि म्हणतो, ‘जुन्या भिंतीलाच बीम टेकवू, एक भिंत वाचेल.’ ती वाचलेली भिंत पुढे सगळ्यात महाग पडते.

जुनं घर तीस-चाळीस वर्षांत जेवढं खचायचं तेवढं खचून बसलेलं असतं. नवा भाग पहिली दोन-तीन वर्षं बसतच असतो. दोघांना घट्ट बांधलं की नवा भाग खाली जाताना जुन्याला ओढतो आणि भिंत फाटते. वाढीव बांधकामात जे बिघडतं ते बहुतेक सांध्यातच बिघडतं : पायात, भिंतीत, छपरावर, फरशीत. म्हणून सुरुवातीलाच ठरवून टाका की जुनं आणि नवं शेजारी उभं राहील, एकाचं ओझं दुसऱ्यावर पडणार नाही.

१. आधी भिंतींचे तडे वाचा

नकाशा काढण्याआधी घराचा निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा बघायला हवा. प्रत्येक तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहा. मोठ्या तड्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसची दोन इंच रुंद पट्टी आडवी लावा किंवा काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना चिकटवा. पट्टी फुटली तर भिंत अजून हलते आहे.

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका वर जाणारा तडा पायाकडे बोट दाखवतो. स्लॅबच्या खाली भिंतीवर आडवा गेलेला तडा बहुधा उन्हाने स्लॅब प्रसरण पावल्याचा असतो, त्याची फार भीती नको. मे महिन्यात रुंद होणारा आणि ऑगस्टात मिटणारा तडा मात्र काळ्या मातीचा. काळी माती सुकली की आकसते, भिजली की फुगते, आणि दरवर्षी घर सूतभर वरखाली होतं. असा तडा सिमेंटने भरून उपयोग नाही. पुढच्या उन्हाळ्यात तो शेजारी दुसरा उघडतो. इलाज भिंतीत नसून घराभोवती आहे : साडेतीन-चार फूट रुंद, बाहेर उतार असलेली फरसबंदी करा, वळचणीचं पाणी पन्हळीने लांब न्या, आणि भिंतीलगतच्या बागेला रोज पाइप लावणं बंद करा.

भिंतीपासून पंधरा-वीस फुटांत मोठं झाड असेल तर त्याचाही विचार आत्ताच करा. झाड जमिनीतलं पाणी ओढून माती सुकवतं, म्हणून भिंत खचते, हे लोकांना ठाऊक असतं. उलटं फारसं कुणी लक्षात घेत नाही : जुनं झाड तोडलं की तिथली माती पुढची काही वर्षं पाणी पिऊन फुगते आणि वरची नवी फरशी उचलते. झाड काढायचंच असेल तर परवानगी घेऊन बांधकामाच्या निदान एक पावसाळा आधी काढा.

२. खड्डा मारून पाया बघा

जुना पाया किती खोल आणि किती रुंद आहे हे नकाशावरून कळत नाही, आणि नकाशा तरी कुठे सापडतो! उन्हाळ्यात, भिंतीला लागून दोन ठिकाणी तीन बाय चार फुटांचे खड्डे घ्या आणि पायाचा तळ दिसेपर्यंत खणा. एक खड्डा मागच्या बाजूला, जिथे नव्या खोल्या येणार तिथे, आणि दुसरा तडे असलेल्या कोपऱ्यात. चार गोष्टी टिपून घ्या : तळाची खोली, दगडी पायाची रुंदी, दगड मातीत बसवलेत की चुन्यात की सिमेंटमध्ये, आणि तळाखाली काळी माती आहे की मुरूम. फोटो काढताना शेजारी टेप धरा. खड्डे दोन-तीन दिवसांत मुरूम भरून, धुम्मस करून (ठोकून घट्ट दाबून) बुजवा. उघडे ठेवून वळवाचा पाऊस आत घेतला तर ज्याची परीक्षा घ्यायची होती तोच पाया खचायचा.

परसात नक्की काय पुरलेलं आहे, हेही घरातल्या आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. जुनी सेप्टिक टाकी, बुजवलेला आड, शोषखड्डा हे नेमके तिथेच निघतात जिथे नवी बेडरूम काढलेली असते. सांगलीजवळच्या हरिपूरची जमीन तर पेवांसाठीच, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या खोल खड्ड्यांसाठीच, ओळखली जाते. तिकडे जुना प्लॉट असेल तर पेवाची शक्यता धरूनच चाला. अशी पोकळी सापडली तर आतला मैला आणि गाळ पूर्ण उपसा, वरची झाकणं व कडा फोडा आणि दगड-मुरमाने थराथराने भरा. घर पाडल्याचा राडारोडा आत ढकलून वर कोबा करण्याचा मोह फार होतो. दोन वर्षांनी खोलीचा तो कोपरा बशीसारखा होतो.

३. कागद

हा भाग कंटाळवाणा, पण इथली चूक पुढे दुरुस्त होत नाही. प्रॉपर्टी कार्डावर किंवा सातबाऱ्यावर आजोबांचंच नाव असेल तर आधी वारसनोंद, मग सगळ्या सहहिस्सेदारांची लेखी संमती. बहिणींचीही. हद्दीबद्दल थोडी जरी शंका असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या. जुनं कुंपण म्हणजे हद्द नव्हे. त्यानंतर परवानाधारक आर्किटेक्ट किंवा इंजिनियरकडून जुनं आणि प्रस्तावित असं दोन्ही बांधकाम दाखवणारा नकाशा करून मंजुरीला टाका. समास (घराभोवतीची मोकळी जागा) किती सोडायचा, किती बांधता येईल, हे प्लॉटचा आकार आणि समोरच्या रस्त्याची रुंदी यांवर ठरतं. राज्याची २०२० ची एकत्रिकृत नियमावली, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात, तिच्यात तक्ते आहेत. मंजुरी एक वर्षाची असते आणि मुदत वाढवून घ्यावी लागते. जोत्यापर्यंत काम आलं की जोत्याचा दाखला घ्या, आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र. बँकेचं कर्ज काढताना याच दोन कागदांवर गाडी अडते.

सांगलीत आणखी एक कागद बघावा लागतो, तो पूररेषेचा. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतल्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम करता येत नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंच ठेवावं लागतं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका असतो. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं, आणि २००५ व २०२१ चे पूरही लोकांच्या भिंतींवर अजून दिसतात. तुमच्या भिंतीवर पाण्याची खूण असेल तर रंगाखाली झाकण्याआधी तिची उंची फरशीपासून मोजून नकाशावर लिहून ठेवा. पुढे बोर्ड, ओटा, कपाटं कुठे ठेवायची हे त्या आकड्यावरून ठरेल.

४. वर चढायचं की बाजूला पसरायचं

हा निर्णय आरसीसी कन्सल्टंटने खड्डे बघून द्यायचा असतो. पण आकडे स्वतःलाही समजलेले बरे. बारा बाय पंधराची एकच खोली जुन्या घराच्या डोक्यावर बांधायची असं धरा. नऊ इंची विटांची, दहा फूट उंच भिंत, दोन्ही बाजूंचं प्लास्टर धरून, दर मीटर लांबीला साधारण १.४ टन भरते. खोलीचा घेर ५४ फूट, म्हणजे साडेसोळा मीटर, म्हणून नुसत्या भिंतीच २२ ते २४ टन. वरचा पाच इंची स्लॅब पाच टनांच्या पुढे, फरशी आणि वॉटरप्रूफिंग दीड-दोन टन. एकूण तीस टन, माणसं आणि सामान सोडून. त्याच भिंती सहा इंची एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या, केल्या तर आठ टनांच्या आत येतात. गच्चीवरची हजार लिटरची टाकी भरली की आणखी एक टन, आणि तो एकाच जागी.

मातीत किंवा चुन्यात रचलेल्या भिंतींवर आरसीसीचा मजला चढवू नये. सिमेंटमध्ये बांधलेल्या नऊ इंची भिंतींवर, पाया रुंद आणि मुरमावर असेल तर, इंजिनियर एक हलका मजला मान्य करू शकतो : एएसी ब्लॉक किंवा स्टीलचा सांगाडा, आणि वर पत्रा. यापलीकडे हवं असेल तर जुन्या घराच्या बाहेरून आणि आतून स्वतंत्र कॉलम काढून नवा मजला त्यांच्यावर उभा करावा लागतो. खर्च वाढतो, पण जुन्या भिंतीला ओझं कळतही नाही. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा धक्का या भागाने सोसलेला आहे. लिंटेलच्या, म्हणजे दार-खिडक्यांवरच्या तुळईच्या, पातळीला सलग पट्टा नसलेल्या जुन्या भिंतींवर जड डोकं ठेवणं का टाळायचं, याला तेवढं कारण पुरे.

एक सावधगिरी : एएसी ब्लॉक पाणी शोषतो. पूर येणाऱ्या भागात तळमजल्याला भाजकी वीट किंवा दगडच बरा. ब्लॉक वरच्या मजल्यासाठी ठेवा.

५. नवा पाया, जुन्यापासून अंतर राखून

जुन्या पायाच्या तळाच्या कडेपासून ४५ अंशांत खाली जाणारी रेषा काढा. नवा खड्डा त्या रेषेखाली उतरता कामा नये. साध्या भाषेत, नवा फुटिंग (कॉलमखालचा काँक्रीटचा पाया) जुन्यापेक्षा तीन फूट खोल न्यायचा तर निदान तीन फूट लांब न्या. म्हणून नव्या भागातली कॉलमची पहिली रांग जुन्या भिंतीपासून साधारण चार फुटांवर घ्यावी आणि तिथून बीम पुढे काढून जुन्या भिंतीशेजारची भिंत व स्लॅब त्यावर तोलावा. आतून बघणाऱ्याला खोली भिंतीला भिडलेलीच दिसते, जमिनीखाली मात्र दोघांत अंतर असतं.

अंतर सोडायला जागाच नसेल आणि जुन्या पायाखाली जावंच लागलं, तर एकदम सलग चर खणू नका. भिंतीचे चार-चार फुटांचे तुकडे पाडा, त्यांना क्रमांक द्या, आधी १, ३, ५ खणून काँक्रीट भरा, ते पक्कं झाल्यावर २, ४, ६. जेसीबी इथे आणू नये. अर्ध्या तासात सगळा चर मोकळा होतो आणि त्याच रात्री भिंत बोलायला लागते.

काळी माती सहा-सात फुटांत संपून मुरूम लागत असेल तर फुटिंग मुरमातच बसवा. मुरूम फार खोल असेल तर अंडर-रीम पाईल विचारा : जमिनीत ओतलेले काँक्रीटचे खांब, साडेतीन मीटर किंवा त्याहून लांब, तळाशी फुगवटा असलेले. फुगवट्याचा व्यास पाईलच्या अडीच पट असतो, त्यामुळे वरची माती फुगली तरी पाईल उपटत नाही. मग पाईलच्या डोक्यांवर प्लिंथ बीम, म्हणजे जोत्याची तुळई. हा बीम काळ्या मातीवर टेकवू नका. खाली तीन इंच पोकळी राहील अशी व्यवस्था करा. नाहीतर माती फुगून बीमला खालून ढकलते आणि मधोमध तडा जातो.

जोत्यातली भर हा दुसरा घोटाळा. पाया खणताना निघालेली काळी माती तिथेच ढीग मारून पडलेली असते, आणि ‘आतच भरून टाकू, ट्रॉलीचे पैसे वाचतील’ हे वाक्य कुणीतरी म्हणतंच. ती बाहेर काढा. मुरमाचा हिशोब असा : १२ × १५ ची खोली, अडीच फूट भर, म्हणजे ४५० घनफूट, साडेचार ब्रास. दाबल्यावर मुरूम पाव हिश्श्याने बसतो, म्हणून साडेपाच ते सहा ब्रास मागवा. सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी, मग धुम्मस किंवा प्लेट व्हायब्रेटर. दोन फूट एकदम टाकून वर पाणी सोडलं की वरचा थर कडक दिसतो, खालचा पोकळ राहतो, आणि वर्षभराने फरशी वाजायला लागते.

भर पूर्ण झाली की कोब्याआधी वाळवीचं औषध. जुन्या आणि नव्या जोत्यामधली फट हा वाळवीचा हमरस्ता असतो. म्हणून जुन्या भिंतीच्या बाजूला फुटाफुटावर भोकं पाडून तिथेही औषध सोडायला सांगा.

६. सांधा

नव्या आणि जुन्या भिंतीत सलग फट हवी : एकमजली भागाला इंचभर, दोन मजले असतील तर दोन इंच किंवा इंजिनियर सांगेल तितकी. प्लिंथ बीमपासून कठड्यापर्यंत इंचही न तुटता. बांधताना मधे थर्माकोलची शीट उभी करा. ती राहिली तरी चालतं, पण फटीत मसाला पडू देऊ नका. मुठीएवढा मसाल्याचा गोळा दोन भिंतींना जोडायला पुरतो.

प्लास्टर करताना गवंडी सवयीने फटीवरून हात ओढतो. त्याला थांबवा. दोन्ही बाजूंना प्लास्टरची कड सरळ संपवा. बाहेरून फोमचा दोर दाबून त्यावर लवचीक सीलंट भरा, आतून ॲल्युमिनियमची किंवा सागवानी पट्टी लावा. पट्टीचे स्क्रू एकाच बाजूच्या भिंतीत. दोन्ही बाजूंना मारले तर पट्टी वाकडी होते किंवा प्लास्टर उपटून निघतं. फरशीतही तसंच : टाइल फटीवरून सलग टाकू नका, दाराच्या उंबऱ्यात सांधा लपवा. जुन्या-नव्यामधलं दार नेमकं सांध्यावर आलं तर पट्टी कुणाच्या नजरेतही येत नाही. चांगला आर्किटेक्ट नकाशातच ही जागा धरतो.

७. भिंत फोडून हॉल मोठा करायचा असेल तर

आधी ती भिंत कशाचं ओझं घेते ते बघा. स्लॅबच्या सळ्या कुठून कुठे जातात, वर भिंत आहे का, टाकी आहे का. साडेचार इंची, उशिरा घातलेली भिंत बहुधा नुसता आडोसा असते. नऊ इंची भिंत फोडायची म्हणजे तिच्या जागी बीम लागतो. पद्धत अशी :

भिंतीच्या दोन्ही बाजूंना, दोन-दोन फूट अंतरावर, खाली लाकडी फळी आणि वर फळी घेऊन स्लॅबला जॅक-टेकू लावा. लिंटेलच्या वर भिंतीच्या एकाच बाजूने अर्ध्या जाडीची आडवी खाच घ्या. तिच्या दोन्ही टोकांना काँक्रीटचे बेड ब्लॉक करून ते पक्के होऊ द्या. मग लोखंडी चॅनल बसवा, टोकं प्रत्येकी निदान नऊ इंच भिंतीत जाऊ द्या. चॅनल आणि वरची वीट यांतली फट जवळजवळ कोरडा, जेमतेम ओलसर वाळूसारखा मसाला ठोकून भरा. पातळ मसाला आकसतो आणि वरची भिंत खाली बसते. ही बाजू पक्की झाली की दुसऱ्या बाजूचं चॅनल, मग दोघांना आरपार बोल्ट. सात दिवस थांबा. त्यानंतरच खालची भिंत वरून खाली, एकेक थर काढत आणा. घण मारून पाडू नका. चॅनल १५० मिमीचं की २०० चं, हे लांबी आणि ओझ्यावरून इंजिनियर सांगेल. भिंतीच्या कोपऱ्यापासून दोन फूट तरी भिंत शिल्लक ठेवा.

वायरिंगसाठी जुन्या भिंतीत लांबलचक आडवी खाच पाडणं हेही भिंत फोडण्यासारखंच आहे. खाचा उभ्या घ्या.

८. जुना स्लॅब

खालून हातोडीने ठोकत जा. जिथे पोकळ आवाज येतो तिथे आतली सळी गंजून फुगली आहे. मोरीखालचा आणि वळचणीचा भाग आधी बघा. असं काँक्रीट सळीच्या मागपर्यंत फोडा, सळी ब्रशने लखलखीत करा, गंजरोधक लावा आणि पॉलिमर मॉर्टरने भरा. सळी दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त झिजली असेल तर शेजारी नवी सळी बांधावी लागते. पांढऱ्या सिमेंटचा हात मारून पीओपीच्या छताने झाकलेला गंज आतल्या आत वाढत राहतो आणि एक दिवस छतासकट खाली येतो.

नवा स्लॅब जुन्या स्लॅबला सळ्या जोडून वाढवू नका. नव्याला स्वतःचे बीम-कॉलम. १८० चौरस फुटांच्या पाच इंची स्लॅबला एम-२० प्रतीच्या काँक्रीटसाठी साधारण १७ ते १८ पोती सिमेंट आणि १७० ते १९० किलो लोखंड लागतं, बीम वेगळे. पंधरा फुटांच्या आतल्या गाळ्याचे टेकू नियमाने सात दिवसांनी काढता येतात, त्याहून मोठ्याचे चौदा. बीमखालचे चौदा ते एकवीस. घाई नसेल तर सगळे तीन आठवडे ठेवा. सांगलीच्या एप्रिल-मेच्या उन्हात स्लॅबवर आळी करून चौदा दिवस पाणी साठवायचं. सकाळी-संध्याकाळी पाइप फिरवणं म्हणजे क्युरिंग नव्हे.

९. छपराचा जोड

दोन स्लॅब शेजारी असतील तर फटीच्या दोन्ही बाजूंना सहा ते नऊ इंच उंचीचे कठडे उचला आणि वरून एकाच बाजूला धरलेली पत्र्याची किंवा फरशीची टोपी घाला. नुसत्या डांबर-शीटवर दोन पावसाळे निघतात, तिसऱ्याला माजघरात बादली. पाणी जाण्यासाठी दर साडेचारशे-पाचशे चौरस फुटांना चार इंची एक पाइप ठेवा. जुन्या गच्चीचं पाणी नव्या गच्चीवर सोडू नका.

जुनं छप्पर कौलारू आणि नवी भिंत त्याच्या डोक्यावर येत असेल तर भिंतीत इंचभर खोल खाच घेऊन पत्र्याची पट्टी आत बसवा, सहा इंच भिंतीवर आणि आठ इंच कौलांवर. दोन पाखी जिथे भिडतात तिथली पन्हळ निदान बारा-पंधरा इंच रुंद हवी. अरुंद पन्हळ पहिल्या वळवाला पानांनी तुंबते.

नवशिक्यांची हमखास चूक : तेच पाखं पुढे ओढून व्हरांड्याची खोली करायची. हिशोब करा. पाख्याचा उतार दोन फुटांना एक फूट असेल तर दहा फूट पुढे गेल्यावर छप्पर पाच फूट खाली येतं. वळचण आठ फुटांवर असेल तर ती तीन फुटांवर येईल. तिथे कोंबड्या ठेवता येतील. पाखं मोडून कमी उताराचा पत्रा घ्या, किंवा सरळ स्लॅब. कौलं काढाल तेव्हा मोजून ठेवा. शंभर चौरस फुटांना सुमारे दीडशे लागतात, आणि जुन्या छापाची नवी कौलं नंतर जुळत नाहीत.

१०. पातळी, उजेड, जिना

रस्ता दरवेळी डांबर चढून उंच झालेला असतो आणि जुनं जोतं खाली राहिलेलं असतं. काम सुरू होण्याआधी पाण्याच्या नळीने सगळ्या खोल्यांत फरशीपासून तीन फुटांवर एकच लेव्हल मारून घ्या. पूररेषेच्या नियमामुळे नवं जोतं उंच गेलं तर सांध्याच्या दारात दोन-तीन पायऱ्या येणार. त्या एका ठिकाणी, रुंद आणि दिव्याखाली ठेवा. प्रत्येक दारात अर्धा-पाऊण इंचाचा चढ ठेवलात तर घरातली म्हातारी माणसं त्याला अडखळतात. जुन्या शहाबादीवरच टाइल चिकटवायची तर पाऊण ते एक इंच उंची वाढते, दारं खालून तासावी लागतात.

चहूबाजूंनी खोल्या जोडल्या की मधलं माजघर अंधारं होतं, कारण त्याच्या खिडक्या आता दुसऱ्याच्या बेडरूममध्ये उघडतात. जुन्या आणि नव्यात पाच फुटांचा छोटा चौक सोडा. तो उजेड देतो, मे महिन्यात गरम हवा बाहेर काढतो, आणि सांध्याचा अर्धा प्रश्न आपोआप मिटवतो. चटईक्षेत्र थोडं जातं खरं.

जिना नेहमी नव्या भागात. दहा फूट उंची म्हणजे १२० इंच. पावणेसात इंचांच्या आतली पायरी धरली तर अठरा चढ होतात, आणि दहा इंच पाऊल धरून वळणाच्या जिन्याला साडेसहा बाय तेरा-चौदा फूट जागा जाते. कागदावर ही जागा धरलेली नसली की जिना शेवटी मोरीवरून जातो.

११. वीज, पाणी, मैला

जुनी वायरिंग वाचवू नका. दिव्यांना १.५, प्लगना २.५, गीझर आणि एसीला ४ चौरस मिमीची तांब्याची वायर, नवं अर्थिंग, आणि ३० मिलीॲम्पियरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच). वाढलेल्या भारासाठी महावितरणकडे आधीच अर्ज करा. पुराची खूण असेल तर मीटर, मुख्य बोर्ड आणि इन्व्हर्टर तिच्यावर. तळमजल्याचं सर्किट वेगळं ठेवा, म्हणजे खाली पाणी आलं तरी वर दिवा राहील. मैल्याची चार इंची लाइन साठ फुटांना एक फूट उतार धरून, प्रत्येक वळणावर चेंबर घेऊन टाका, आणि चेंबर खोलीच्या आत येऊ देऊ नका. पाइप सांधा ओलांडतो तिथे भिंतीत मोठा स्लीव्ह (पाइप सैल जाईल अशी नळी) ठेवा. काँक्रीटमध्ये आवळलेला पाइप पहिल्या दोन वर्षांत तडकतो, आणि त्याचं पाणी थेट पायाखालच्या काळ्या मातीत मुरतं.

१२. ठेका आणि वेळापत्रक

दुरुस्तीला चौरसफुटाचा सरसकट दर घेऊ नका. जुन्या घरात काय निघेल हे ठेकेदारालाही माहीत नसतं. तो धोका धरून दर फुगवतो किंवा मधेच काम टाकतो. कामागणिक दर ठरवा : खुदाई ब्रासवर, वीटकाम ब्रासवर, प्लास्टर चौरसफुटावर, तोडफोड रोजंदारीवर. नऊ इंची भिंतीला शंभर चौरस फुटांमागे हजाराच्या आसपास वीट, तुटफूट धरून अकराशे. अंदाजावर पंधरा-वीस टक्के राखून ठेवा, ते लागतातच.

दिवाळीनंतर खुदाई, डिसेंबरात जोतं, फेब्रुवारीत स्लॅब, एप्रिलपर्यंत प्लास्टर. छपराचा जोड मृगाच्या आधी पंधरा दिवस पूर्ण करून त्यावर पाणी साठवून बघा. कुटुंब जुन्या घरात राहणार असेल तर आधी नवा भाग संडास-बाथरूमसकट पूर्ण करा, तिकडे राहायला जा, मग जुन्याला हात लावा. मधली दारं शेवटी फोडा.

जुन्या चुन्याच्या भिंतींना सिमेंटचं प्लास्टर चढवू नका. ओल आत कोंडते आणि वर्षभरात पापुद्रे सुटतात. चुन्याचाच गिलावा, वर चुन्याचा रंग.

नव्या भागाला महागडा रंग पहिल्या वर्षी देऊ नका. पांढरा हात मारून सोडा. एक पावसाळा आणि एक उन्हाळा गेल्यावर केसाएवढे तडे भरून मग रंगवा. सांध्यातलं सीलंट त्याच वेळी बोटाने दाबून बघा. कडेने सुटलं असेल तर तेवढाच तुकडा कापून नवा भरा.